पिवळे पडलेले रोप

चर्चमधील सेवेला बी पेरण्याची उपमा देणारा हा लेख आवडला. मात्र वसईतल्या भातशेतीच्या घरात वाढल्यामुळे थोडी भर घालावीशी वाटते. योहानाच्या शुभवर्तमानात (12:24) येशू जमिनीत पडून मरणाऱ्या आणि मगच भरपूर पीक देणाऱ्या गव्हाच्या दाण्याविषयी बोलतो, पण मला तो अर्थ भाताच्या लावणीत अधिक उलगडला, कारण दाटीत वाढलेले रोप उपटून दुसऱ्या खाचरात लावले की काही दिवस पिवळे पडून मान टाकते आणि मगच नव्या चिखलात मूळ धरते. गायनवृंदातून काढून मला खुर्च्या मांडण्याचे काम दिले, तेव्हा (खरे सांगायचे तर) मीही महिनाभर पिवळाच होतो. आता ऑक्टोबरात आगेऱ्याच्या, म्हणजे आमच्याकडच्या ख्रिस्ती लोकांच्या सुगीच्या सणाला नव्या भाताच्या लोंब्या वेदीपाशी आशीर्वादासाठी नेतात, तेव्हा मी मागच्या दाराशी म्हाताऱ्यांसाठी जागा राखून उभा असतो.