बंबाचं जळण जातं कुठं?

दिवाळी सरली की आमच्या बेळगाव-खानापूर पट्ट्यात पहाट एकाच संवादानं उजाडते. "पाणी तापलं काय गं?" "तापायलंय की!" एवढ्यात अर्धा तास आणि पाटीभर जळण खलास. मग घरातला प्रत्येक जण बंबाचा जाणकार होतो. आजोबांच्या मते लाकूड हलकं, सासूबाईंच्या मते सुनेचा हात हलका, आणि अंथरुणातून न उठलेल्या पोराच्या मते "गीझर घ्या की ओ."

मला हिशेब जास्त विश्वासाचा वाटतो. 40 लिटरच्या बंबातलं पाणी 20 अंशांवरून 60 वर न्यायला साधारण 6,700 किलोज्यूल उष्णता लागते. चांगल्या वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत 15,000 च्या आसपास असते. म्हणजे निम्मी उष्णता वाया गेली तरी किलोभरात भागायला हवं. मग पाटीतलं बाकीचं जातं कुठं?

वर.

बंबाच्या मधोमध उभी नळी, तिच्या बुडाशी जाळी, जाळीखाली राखेचं दार आणि नळीभोवती पाणी. पाण्याला मिळायची ती उष्णता या नळीच्या अंगातूनच. पण आमच्याकडं फाटा तोडायचा कंटाळा. हातभर लाकूड तसंच उभं खुपसतात, त्याचा शेंडा नळीबाहेर राहतो आणि बाहेरच पेटतो. जाळ झकास दिसतो, शेजारचे कौतुक करतात, आणि आत बोट घातलं तर पाणी नुसतं कोमट. जळण वीतभर लांब आणि अंगठ्याएवढं जाड हवं. नळी निम्मी भरेल इतकंच घालायचं, मग लागेल तसं थोडं थोडं. पेटवताना राखेचं दार सताड उघडं. जाळ धरला की दोन बोटं फट पुरे. नळीच्या तोंडावर पत्र्याचा तुकडा तिरका ठेवून तिसरा हिस्सा मोकळा सोडला की धग आत रेंगाळते. तोंड पुरतं झाकायचं मात्र नाही. कोंडलेल्या जाळातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, आणि बंद न्हाणीत तो माणूस मारतो. बंब पडवीत किंवा परसातच पेटवावा, यात चेष्टा नाही.

ओल्या लाकडाची गंमत वेगळी. कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस लाकडात असा मुरतो की दिवाळीतही ते फसफसतं. लाकडातली लिटरभर ओल वाफ करून उडवायला जेवढी उष्णता खर्च होते, तेवढीत 15 लिटर पाणी 20 वरून 60 अंशांवर जातं. थोडक्यात, एका माणसाची अंघोळ धुरातून निघून गेली. निपाणी-चिकोडीकडं उसाची चिपाडं फुकटात मिळतात. ती भसकन पेटतात नि भसकन विझतात, तेव्हा पेटवण्यापुरतीच घ्यावीत. त्यावर नारळाच्या करवंट्या टाका. शेणी धग धरून ठेवते, पण राख इतकी करते की जाळी बुजते. जाळी बुजली की वारा बंद, वारा बंद की धूर. मग कुणीतरी शहाणा रॉकेल शोधायला निघतो. आधी जाळी खडखडवा.

काजळी हा छुपा चोर. नळीला आतून थर बसला की धग नळीच्या तांब्याच्या पत्र्यापर्यंत पोचतच नाही. काठीला काथ्याचा बोळा बांधून पंधरा दिवसांनी नळी घासली की काम झालं. पाण्याच्या बाजूचा चोर पांढरा असतो, तो म्हणजे क्षारांचा थर, विशेषतः बोअरचं पाणी भरणाऱ्यांकडं. लिटरला 20 ते 30 ग्रॅम लिंबूसत्त्व कोमट पाण्यात घालून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी दोनदा खळखळून काढायचं. सुटलेले खवले तोटीत अडकतात, म्हणून तोटी फिरकीची असेल तर आधी काढून ठेवावी.

आता चिंच. दर सणाला बंब चिंच-मीठ लावून घासणाऱ्या बायकांना पुरुषमंडळी हसतात. हसू नये. काळवंडलेलं तांबं चकचकीत तांब्याच्या दहापटीहून जास्त उष्णता किरणांवाटे बाहेर फेकतं. पाणी गरम राहावं म्हणून बंबाला पोतं गुंडाळणं तर उत्तमच, पण जाळ चालू असताना नको, आणि पाहुणे असताना तर मुळीच नको. घासलेला बंब पोत्यात दडवायला कोणतीही गृहिणी तयार होत नाही.

सगळ्यात महाग चूक म्हणजे कोरडा बंब पेटवणं. पाणी असेतोवर नळी शंभर अंशांच्या फारशी वर जात नाही. पाणी नसलं की कथलानं झाळलेले सांधे दोनशेच्या आगेमागे वितळायला लागतात. शेवटच्या अंघोळवाल्यानं बंब भरून ठेवायचा, असा नियम घरोघरी असतो, आणि शेवटचा कोण यावर घरोघरी एकमत नसतं. मग बंब तांबटाकडं. तो नळी उजेडाकडं धरतो, ओघळलेलं कथील नखानं खरवडतो आणि विचारतो, "पाणी होतं काय ओ आत?"

"होतं की!" असंच सगळे सांगतात. तोही मान डोलावतो आणि झाळायचे पैसे सांगतो.