चित्रसंग्रह 'बघून झाला' असं नसतं

आज साताऱ्यातल्या एका वाचनालयात नववी-दहावीतली एक मुलगी जाडजूड चित्रसंग्रह उघडून बसली होती. बराच वेळ एकाच पानावर. तिथले एक गृहस्थ आले नि म्हणाले, "बघून झालं ना बाळा? मग ठेव जागेवर आणि वाचायचं काहीतरी घे." तिनं निमूटपणे पुस्तक मिटलं. तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

वाचायचं काहीतरी! अहो, ती वाचतच होती. चारशे पानांची कादंबरी कुणी पाच मिनिटांत फरफर उलटली, तर ती वाचली असं आपण म्हणत नाही. चित्रसंग्रहाला मात्र तोच न्याय चालतो. आणि जी पोर एका पानावर थांबते, तिलाच उठवायचं.

चित्र वाचायचं कसं, हे आपल्याकडे सांगतच नाहीत, म्हणून सांगते. पान उघडलं की आधी चित्राखालची ओळ हातानं झाका. दहा मिनिटं नुसतं बघा. उजेड कुठल्या बाजूनं येतोय? सगळ्यात गडद जागा कुठली? नजर पहिल्यांदा कुठं जाते, कुठं अडते? मग पुस्तक टेबलावर उलटं फिरवा, म्हणजे चित्राचं डोकं खाली येईल असं. चेहरे, कपडे, गोष्ट सगळं मागं पडतं नि नुसते आकार नि त्यांचं वजन उरतं. रचना तेव्हा दिसते. मग वहीत चित्राच्याच प्रमाणात एक छोटा चौकोन आखा, आगपेटीएवढा, आणि त्यात पेन्सिलीनं तीनच छटा भरा: गडद, मधली, फिकी. चित्रकला यायची गरज नाही. चौकोन मोठा घेतलात तर मात्र तुम्ही नाकडोळे काढत बसाल नि मुद्दा हातचा जाईल.

एवढं झाल्यावर हात काढायचा नि ओळ वाचायची. नाव, साल, माध्यम, माप. मापात बहुतेक ठिकाणी उंची आधी, रुंदी नंतर. हे माप सगळे गाळतात आणि तिथंच निम्मं चित्र हरवतं. पिकासोचं 'गर्निका' साधारण ३४९ × ७७७ सेंटिमीटर आहे. वर्मीरचं लेस विणणाऱ्या बाईचं चित्र २४ × २१. तीस सेंटिमीटर रुंद पानावर पहिलं पंचवीस पटींहून जास्त आक्रसतं, दुसरं जवळजवळ आहे तेवढंच बसतं, आणि बघणाऱ्याला दोन्ही सारखीच वाटतात! मोजपट्टी घेऊन भिंतीवर माप लावून बघा. पावणेआठ मीटरला आपल्या हॉलची भिंत पुरत नाही. याउलट पहाडी लघुचित्रं, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या राज्यांतली छोटी चित्रं, मुळातच हातात धरून, मांडीवर ठेवून बघायची. पुस्तकाच्या पानात ती जवळजवळ घरीच असतात.

रंगांवर मात्र विश्वास ठेवू नका. एकच चित्र दोन पुस्तकांत शेजारी शेजारी ठेवून बघा, एकात आभाळ हिरवट, दुसऱ्यात निळं. छपाई चार शाईंच्या ठिपक्यांची असते. दहा पटींचं भिंग लावलंत की ठिपके दिसतात, ब्रश नव्हे. ब्रशचा फटकारा बघायचा तर मोठा करून छापलेला तपशील असलेलं पान हवं. आणि जोडपानावर पसरलेलं चित्र असेल तर मधला भाग शिवणीत गेलेला असतो, तिथं काय होतं याचा अंदाज बांधत बसू नका. चकचकीत आर्ट पेपरवर डोक्यावरच्या ट्यूबचा पट्टा पडतो नि गडद भाग धुऊन निघतात. उजेड बाजूनं, खिडकीचा घ्यावा. पिवळ्या बल्बखाली निळा रंग मरतो.

त्या मुलीनं ट्यूबखालची जागा सोडून खिडकीजवळची खुर्ची धरली होती. कुणी शिकवलं असेल तिला? बहुधा कुणीच नाही. डोळ्यांनीच शिकवलं. आता लिहिताना राग थोडा उतरलाय, खरं तर भरून येतंय.

आणि हे आपल्या जिल्ह्यात! ज्या औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी राज्य सांभाळून स्वतः ब्रश धरला, १९१६ मध्ये चित्ररामायण काढलं, १९३२ मध्ये अजिंठ्यावर पुस्तक केलं, १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभं केलं, जिथं राजा रविवर्म्यांची मूळ चित्रं आणि हेन्री मूरचं माता-बालकाचं शिल्प आजही आहे, त्याच जिल्ह्यात चित्र बघणं म्हणजे वेळ घालवणं?

हो, चित्रांची पानं ब्लेडनं कापून नेणारे असतात, मान्य. मग पुस्तक समोरच्या टेबलावर बसून बघू द्या, पेन बाजूला ठेवायला लावा, पेन्सिल चालेल म्हणा. कपाटाला कुलूप घालणं हा इलाज नव्हे. फोनवर झूम करता येतं, तेही खरं. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमनं रेम्ब्रांच्या 'नाइट वॉच'चं ७१७ गिगापिक्सेलचं, म्हणजे ७१७ अब्ज ठिपक्यांचं छायाचित्र २०२२ मध्ये खुलं केलं, त्यापुढं कुठलंही पान कमीच. पण फोनवर पुढचं चित्र बोटाशी तयार असतं नि थांबणं होत नाही.

कुलपातली पुस्तकं सुरक्षित असतात असंही नाही. जड ग्रंथ उभे ठेवले की पानांचा गठ्ठा पुठ्ठ्यातून खाली ओघळतो नि शिवण सुटते. ते आडवेच ठेवावेत, तीन-चारच्या वर रचू नयेत. बंद कपाटात पावसाळ्यात बुरशी येते. आणि आर्ट पेपरवर मातीचा लेप असतो, तो भिजून वाळला की पानं चिकटून अख्ख्या पुस्तकाची वीट होते. २०१९ च्या महापुरात सांगलीनं ओल्या पुस्तकांचे ढीग बघितलेत. पान ओलं असतानाच सोडवून मध्ये मेणकागद घालावा लागतो. तेवढे हात नसतील तर पुस्तक पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवायचं, म्हणजे उसंत मिळते.

पहिलं पुस्तक घेणार असाल तर लघुचित्रांचं घ्या, जुन्या बाजारात मिळालं तरी उत्तम. मधोमध उघडून टेबलावर ठेवा: सपाट पडलं तर शिलाईचं आहे, मिटायला धावलं तर नुसत्या डिंकाचं असण्याची शक्यता जास्त. मोठे केलेले तपशील आहेत का बघा. आणि चित्रांखाली मापं दिलेली नसतील तर सरळ परत ठेवा.