ज्याची कुणी वाट बघत नाही, ते काम

ज्या कामाची जगात कुणीच वाट बघत नाही, ते रोज करत राहणं सगळ्यात अवघड, असं माझं ठाम मत झालंय. ऑफिसचं काम होतं, कारण बिल अडलं की गाडी अडते आणि गाडी अडली की फोन येतो. मुलांचा अभ्यास होतो, कारण परीक्षेची तारीख असते. पण चाळिशीत कुणी पेटी शिकायला घेतली, कुणी अर्धवट राहिलेली पदवी पुन्हा हातात घेतली, कुणी सिद्धेश्वर तलावाकडे रोज चालायला जायचं ठरवलं, तर ते सुटल्यावर विचारणारं कुणी नसतं. आपल्याशिवाय कुणाचं काही अडत नाही.

माझं असं काम म्हणजे तेलुगू वाचायला शिकणं. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणारे विणकर. घरात तेलुगू, बाहेर मराठी, शाळा पूर्ण मराठी. त्यामुळे भांडायला, लाडाला, हिशेबाला तेलुगू जिभेवर असते, पण वाचायला एक अक्षर येत नव्हतं. ताता, म्हणजे आजोबा, गेल्यावर त्यांची भजनाची वही माझ्याकडे आली. पुठ्ठा सुटलेला, शाई फिकी, पानंच्या पानं गोल अक्षरांनी भरलेली. ती मला माझ्या डोळ्यांनी वाचायची आहे. ती भजनं मोबाइलवर ऐकायला मिळतील, वाचून दाखवणारी वडीलधारी माणसंही गल्लीत आहेत. तरी मलाच वाचायची आहे.

शेजारच्या अक्कांनी विचारलं, “आता या वयात याचा उपयोग काय ओ?” त्यांनी मायेनंच विचारलं. पण हा प्रश्न फार जणांची उमेद खाऊन टाकतो, असं मला वाटतं. आपण लगेच उपयोग शोधायला लागतो. सर्टिफिकेट मिळेल का, क्लास काढता येईल का, व्हिडिओ टाकले तर पैसे येतील का. एडवर्ड डेसी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा 1971 मधला प्रयोग इथे आठवतो. त्याने कॉलेजच्या मुलांना कोडी सोडवायला दिली. काही जणांना मधल्या टप्प्यात सुटलेल्या कोड्यांचे पैसे दिले आणि नंतर बंद केले. पैसे बंद झाल्यावर त्या मुलांनी मोकळ्या वेळात कोड्यांना आधीपेक्षा कमी हात लावला. कामात जी गोडी होती, ती मजुरीच्या हिशेबात गेली. म्हणून अक्कांना मी एवढंच सांगितलं, “आवडतं म्हणून करते.” हे कारण पुरेसं आहे. ते सांगताना आपण उगाच ओशाळतो.

आता प्रेरणेच्या भाषणांबद्दल. पहाटे पाचला उठा, ठरलेल्या वेळी ठरलेलं काम करा, कारणं देऊ नका. ज्यांच्या नळाला रोज पाणी येतं त्यांना हे जमत असेल. आपल्याकडे कित्येक भागांत तीन-चार दिवसांआड पाणी येतं, कधी पहाटे, कधी रात्री. पाण्याच्या दिवशी घरातलं सगळं वेळापत्रक कोलमडतं, आणि बहुतेक घरांत ते सावरायचं काम बाईकडेच असतं. तिला कुणी शिस्तीचे धडे देऊ नयेत.

घड्याळाला बांधलेलं काम अशा घरात टिकत नाही. एखाद्या घडणाऱ्या गोष्टीला बांधलेलं टिकतं. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं यावर पुष्कळ काम केलंय. नुसतं “मी हे करणार” म्हणण्यापेक्षा “अमुक झालं की मी तमुक करणार” असं आधीच ठरवलं, तर काम हातून होण्याची शक्यता बरीच वाढते, असं त्याच्या आणि इतरांच्या अभ्यासांत दिसलं. माझं ठरलेलं असं: पाणी आलं की पाइप हौदात सोडायचा आणि हौद भरेपर्यंत वहीच्या ओळी लावायच्या. ज्या पाण्यामुळे सगळं मोडायचं, त्याच वेळी आता वाचन होतं.

दुसरी गोष्ट मी अम्माकडून घेतली. अम्मा बिड्या वळायची. मजुरी हजार बिड्यांवर, त्यामुळे सकाळ वाया जाऊन चालायचं नाही. रात्री जेवणं झाली की ती तेंदूची पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी पान मऊ झालेलं असायचं, पत्र्याचा माप ठेवून कात्री फिरवली की सरळ कापलं जायचं. कोरडं पान कात्रीखाली तडकतं. मांडीवर सूप घेऊन ती बसायची तेव्हा निम्मं काम आदल्या रात्रीच झालेलं असायचं. एक मात्र स्पष्ट सांगते, अम्माच्या त्या कष्टाला कुणी मोटिव्हेशनची गोष्ट करू नये. घरात नड होती म्हणून ती वळत होती. पाठ दुखायची, तंबाखूच्या धुळीने खोकला यायचा. मी तिच्याकडून घेतली ती फक्त रात्रीची तयारी.

मी झोपायच्या आधी वहीचं पान उघडून ठेवते. जिथे अडले त्या ओळीखाली कागदाची पट्टी, वर पेन्सिल, शेजारी गुणिंतमचा तक्ता. तेलुगूची ती बाराखडी. उद्या कुठून सुरू करायचं हा विचार उद्यावर ठेवत नाही. माझ्या मते माणूस काम करून जेवढा थकत नाही, तेवढा सुरुवात कुठून करू या विचारानं थकतो. दिवसभर टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात बिलं करून आल्यावर तो विचार करायला डोकं उरतच नाही.

आणि खंड पडतो. पडणारच. घरात लग्न निघतं, कुणी दवाखान्यात असतं, मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात रात्रीसुद्धा पुस्तक हातात धरवत नाही. 21 दिवसांत सवय लागते, असं सगळीकडे सांगतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवसांचा अंदाज निघाला, आणि माणसामाणसात फरक 18 पासून 254 दिवसांपर्यंत. एखादा दिवस चुकला तर त्याने विशेष बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. मला यातला 254 हा आकडा सगळ्यात धीर देतो. बावीसाव्या दिवशी सवय लागली नाही म्हणून स्वतःला नालायक ठरवून किती जणांनी किती चांगली कामं सोडली असतील!

मध्ये एक टप्पा फार जड जातो, तोही सांगते. छापील अक्षरं ओळखू यायला लागली, म्हणून वही उघडली, तर हस्ताक्षरात सगळं पुन्हा अनोळखी. ‘व’ आणि ‘म’ जुळ्या भावांसारखे, ‘प’, ‘ष’, ‘स’ एकमेकांत मिसळलेले. त्या दिवसांत मला बाहेरच्या कुठल्याच भाषणानं बळ दिलं नाही. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींच्या रथयात्रेत एका तेलुगू फलकावरचं ‘मार्कंडेय’ मी कुणाला न विचारता वाचलं. ‘र’च्या खाली लटकलेला ‘क’चा ओत्तु, म्हणजे जोडाक्षरात खाली लागणारं छोटं अक्षर, डोळ्यांनी बरोबर पकडला. गर्दीत उभी राहून तोच शब्द परत परत वाचत होते. पुढची उमेद तिथून आली.

पूर्व भागात कितीतरी घरांत अशा वह्या, जुनी पत्रं, लग्नपत्रिका पेट्यांत पडून असतील, आणि घरात तेलुगू बोलणाऱ्या आमच्या पिढीला त्या वाचता येत नसतील. कुणाला शिकायचं असेल तर गुणिंतमच्या तक्त्याचा मोठ्या अक्षरातला झेरॉक्स माझ्याकडे आहे. इनबॉक्समध्ये सांगा, कन्ना चौकात आणून देते. आणि ज्यांचं काम वेगळं आहे, पेटी असो, चालणं असो, राहिलेली पदवी असो, त्यांनी उद्याची सुरुवात नेमकी कुठून करणार आहात ते खाली एका ओळीत लिहा. मी प्रत्येक ओळ वाचणार आहे, आणि महिन्याभरानं येऊन विचारणारही आहे.