म्हणे त्यांची पत्रं आरशासारखी होती!

अमेरिकेच्या पहिल्या पिढीतल्या राज्यकर्त्यांचे गोडवे गाणारा एक मजकूर हल्ली बराच फिरतोय. त्याचा गोषवारा असा: वॉशिंग्टन, फ्रँकलिन, ॲडम्स, जेफरसन ही माणसं प्रत्येक पत्र स्वतःच्या हाताने लिहीत, त्यात लपवाछपवी नसे, सरकारी आणि खासगी पत्रव्यवहार ते कटाक्षाने वेगळा ठेवत, आणि एकही कागद न गाळता सगळं पुढच्या पिढ्यांच्या हवाली करून गेले. शेवटी जेफरसनच्या नावावर एक सुविचार आणि ‘आजच्या नेत्यांनी काही शिकावं’ असा टोला. टोला ज्याला मारायचा त्याला खुशाल मारा. त्यासाठी पुढे केलेले दाखले मात्र बहुतेक फुसके आहेत.

आधी हस्ताक्षराचं बघू. इंग्लंडविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात सेनापती असलेल्या वॉशिंग्टनच्या सहीने गेलेली कितीतरी पत्रं त्याच्या हातची नाहीत. त्याच्या छावणीत लिहिणाऱ्या साहाय्यकांची फळीच होती: रॉबर्ट हॅन्सन हॅरिसन, टेंच टिल्घमन आणि मार्च १७७७ पासून तरणाबांड अलेक्झांडर हॅमिल्टन. सेनापतीने मुद्दे सांगायचे, यांनी मसुदा करायचा, त्याने वाचून सही करायची. अध्यक्षपद सोडताना १७९६ मध्ये छापलेलं त्याचं निरोपाचं प्रसिद्ध निवेदनही असंच तयार झालं. १७९२ मध्ये पुढे अध्यक्ष झालेल्या जेम्स मॅडिसनने त्याचा एक खर्डा करून दिला होता, चार वर्षांनी हॅमिल्टनने ते बरंचसं नव्याने लिहिलं आणि वॉशिंग्टनने त्यावर शेवटचा हात फिरवला. यात गैर काहीच नाही, पण ‘प्रत्येक पत्र स्वतःच्या हाताने’ हे काही खरं नव्हे.

जेफरसनपुरता हा मुद्दा मी मान्य करतो. त्याने आयुष्यभरात सुमारे १९ हजार पत्रं लिहिली असं धरतात आणि त्यातली बहुतेक स्वतः. १७८६ मध्ये पॅरिसला त्याचं उजवं मनगट दुखावलं, तर पठ्ठ्याने मारिया कॉस्वे या चित्रकार मैत्रिणीला डोकं आणि हृदय यांच्यातल्या भांडणाचं ते लांबलचक पत्र डाव्या हाताने लिहून काढलं. पुढे १८०४ पासून त्याच्या टेबलावर पॉलिग्राफ नावाचं यंत्र आलं. त्यात दोन लेखण्या दांड्यांनी एकमेकींना जोडलेल्या असत. एकीने लिहायला लागलं की दुसरी शेजारच्या कागदावर तेच गिरवत जाई. एक प्रत रवाना, दुसरी घरात. शिवाय आलेल्या-गेलेल्या पत्रांची नोंदवही १७८३ पासून मरेपर्यंत चालू. आपल्या शब्दांवरून उद्या वाद होऊ शकतो हे पुरतं ओळखून असलेल्या माणसाचा हा बंदोबस्त आहे, असं मला वाटतं.

‘लपवाछपवी नसे’ हे वाचून तर हसूच आलं. जेफरसन, मॅडिसन आणि त्यांच्यानंतर अध्यक्ष झालेला जेम्स मन्रो नाजूक मजकूर आकड्यांत लिहीत. माणसांची नावं, शब्द, अक्षरगट यांना एकेक आकडा ठरलेला, आणि त्याची किल्ली दोन्ही टोकांना. कारण टपाल फुटायचं. जॉन ॲडम्सने जुलै १७७५ मध्ये एका पत्रात आपला सहकारी जॉन डिकिन्सन याची टर उडवली होती. ते पत्र इंग्रजांच्या हाती लागलं आणि त्यांनी बॉस्टनच्या वर्तमानपत्रात छापून टाकलं. पुढे फिलाडेल्फियात समोरासमोर गाठ पडली तेव्हा डिकिन्सन टोपीला हातही न लावता निघून गेला, असं ॲडम्सनेच रोजनिशीत लिहून ठेवलंय. १७९८ मध्ये जेफरसन खुद्द उपाध्यक्ष होता, तरी टपालखात्याचा भरवसा नाही म्हणून मोकळेपणाने लिहिता येत नाही, अशी त्याची तक्रार होती. त्याच वर्षी केंद्र सरकारच्या कायद्यांविरुद्धचे केंटकीचे ठराव त्याने गुपचूप लिहून दिले. लेखक कोण, हे जाहीर व्हायला कित्येक वर्षं गेली.

सरकारी आणि खासगी वेगळं? इथे फ्रँकलिनची कथा जरा सविस्तर सांगायला हवी. हा गृहस्थ इंग्रजांच्या अमेरिकी वसाहतींचा उपमहाटपालप्रमुख. मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर थॉमस हचिन्सन आणि त्याचा नायब अँड्र्यू ऑलिव्हर यांनी पूर्वी लंडनच्या थॉमस व्हेटलीला लिहिलेली खासगी पत्रं त्याच्या हाती आली. कोणी दिली, हे त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. डिसेंबर १७७२ मध्ये त्याने ती लंडनहून बॉस्टनला धाडली. छापू नका, मोजक्या लोकांना दाखवा, अशी अट घालून. १७७३ मध्ये ती छापली गेलीच. चोरीचा आळ भलत्यांवर आला, आणि व्हेटलीचा भाऊ व जॉन टेंपल यांच्यात द्वंद्व होऊन व्हेटली जखमी झाला. तेव्हा कुठे फ्रँकलिनने पत्रं आपणच पाठवल्याची कबुली दिली. २९ जानेवारी १७७४ रोजी लंडनला प्रिव्ही कौन्सिल या राजाच्या सल्लागार मंडळासमोर सरकारी वकील अलेक्झांडर वेडरबर्नने त्याची भरसभेत सालटी काढली. फ्रँकलिन अवाक्षर न बोलता उभा होता. लगोलग टपालखात्यातली नोकरी गेली. लोकांची पत्रं सुखरूप पोचवणं हेच ज्याचं काम, त्याने दुसऱ्यांची खासगी पत्रं राजकारणात वापरली! वसाहतींच्या बाजूने त्याचं समर्थन करता येईल, पण काटेकोरपणाचा नमुना म्हणून त्याला उभं करू नका.

जेफरसनच्या अंगावर त्याचंच खासगी पत्र उलटलं. एप्रिल १७९६ मध्ये त्याने इटलीतला आपला मित्र फिलिप मात्सेई याला लिहिताना एकेकाळचे रणशूर आता इंग्लंडच्या नादी लागलेत, अशी जहरी टीका केली. मात्सेईकडून ती बाहेर फुटली, पॅरिसच्या वर्तमानपत्रात फ्रेंचमध्ये आली आणि मे १७९७ मध्ये भाषांतराचं भाषांतर होऊन अमेरिकेत अवतरली. रोख वॉशिंग्टनकडे आहे हे कुणाला सांगावं लागलं नाही. त्यानंतर दोघांत पत्रव्यवहार झाला नाही. आणि अध्यक्षांचे कागद ही देशाची मालमत्ता, हा कायदा १९७८ चा आहे. वॉशिंग्टनने आपली दफ्तरं सरळ घरी नेली होती.

आता ‘एकही कागद न गाळता’. वॉशिंग्टनच्या पश्चात मार्थाबाईंनी नवराबायकोची पत्रं जाळली. बोटांवर मोजण्याइतकी वाचली. जेफरसन आणि त्याच्या बायकोची तर एकमेकांना लिहिलेली पत्रं सापडतच नाहीत. मॅडिसनने म्हातारपणी जुनी पत्रं काढून अमेरिकेच्या बाजूने लढलेल्या लाफायेत या फ्रेंच सेनानीविषयीचा बोचरा मजकूर मवाळ केला. उरलेली कसर संपादकांनी भरून काढली. १८३० च्या दशकात वॉशिंग्टनचं लेखन छापताना जॅरेड स्पार्क्सने त्याची भाषा ‘सभ्य’ केली: पटनम नावाच्या सेनानीचा ‘ओल्ड पुट’ असा घरगुती उल्लेख होता, तिथे ‘जनरल पटनम’ घातलं. एवढ्यावर थांबला असता तर बरं. अध्यक्षपदाच्या पहिल्या भाषणाचा एक न वापरलेला खर्डा वॉशिंग्टनच्या हातचा होता. स्पार्क्सने तो कात्रीने कापून तुकडे हस्ताक्षरांच्या शौकिनांना वाटले.

राहिला सुविचार: ‘जनता सरकारला भिते तिथे जुलूम, सरकार जनतेला भितं तिथे स्वातंत्र्य.’ जेफरसनच्या कागदपत्रांत हे वाक्य कुठेही नाही. ते छापील स्वरूपात दिसतं ते १९१४ मध्ये, जॉन बेसिल बार्नहिल याच्या नावाने. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने ‘फाउंडर्स ऑनलाइन’ या संकेतस्थळावर ही पत्रं फुकट खुली केली आहेत, कुणीही शोधून बघावं. सरकारला झोडपणारा खराखुरा जेफरसनच हवा असेल तर त्याने २८ मे १८१६ रोजी जॉन टेलरला लिहिलेलं पत्र वाचा. पुढच्या पिढ्यांनी फेडावं म्हणून आज कर्ज काढून खर्च करणं ही भविष्याची मोठ्या प्रमाणावर केलेली फसवणूक आहे, असं त्यात त्याने स्वच्छ म्हटलंय.