उपडे मडके आणि सल्लागार मंडळ

माझे बालपण पनवेल तालुक्यात गेले, एवढ्या एका पुराव्यावर मला पोपटी, म्हणजे मडक्यात पाला घालून जाळावर भाजलेल्या वालाच्या शेंगा, लावता येते असा निकाल आमच्या कुटुंबाने देऊन टाकला आहे. खारघरच्या आमच्या सोसायटीत, गच्चीवर मडके लावावे म्हणतो, असे मी चिटणिसांच्या कानावर घातले. त्यांनी उत्तर न देता अग्निशामक नळकांड्याकडे पाहिले, तेव्हा बेत उलव्याला, मामांच्या घरामागच्या मोकळ्या जागेत हलवला.

यंदा २६ जानेवारी सोमवारी आली. सोमवार पाळणारे आणि न पाळणारे असे घरात दोन तट पडल्यामुळे मडकीही दोन आणावी लागली. भांबुर्ड्याचा पाला शोधण्यात सकाळ गेली, कारण तो बांधावर आपोआप उगवतो आणि उलव्यात आता बांधांपेक्षा बांधकामे जास्त आहेत. तळाशी पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, ओवा, जाडे मीठ. एका मडक्यात शिवाय अंडी आणि केळीच्या पानात गुंडाळलेली मसाल्याची कोंबडी. पाणी नाही, तेल नाही. तोंडाशी पाला ठासून मडके जमिनीवर उपडे घालायचे आणि भोवती लाकडे व पेंढा रचून पेटवायचा.

खरा छळ यानंतर सुरू होतो. इतर स्वयंपाकात झाकण उचलून पाहता येते. इथे आत काय चालले आहे हे कोणालाच दिसत नसल्यामुळे प्रत्येकाला ठाम मत असते. मामा म्हणाले, "जाळ वाढव." मामी म्हणाल्या, "करपेल हो सगळं." ज्यांनी आयुष्यात केवळ हुरडा खाल्ला आहे, त्या पुण्याच्या मेहुण्यांनी वाऱ्याची दिशा समजावून सांगितली. मडक्यावर पाणी शिंपडताच ते चर्र होऊन उडाले की पोपटी झाली, ही जुनी कसोटी. पण दुसऱ्याच्या निकालावर कोणाचाच विश्वास नसल्याने ती इतक्या जणांनी घेतली की मडक्याला थंडी वाजली असती.

शेवटी मडकी उतरवली, तेव्हा सोमवारच्या मडक्यावर मामींनी चुन्याने काढलेली फुली काजळीत गडप झाली होती. आत्याने वासावरून एक मडके निवडले आणि ते फोडताच त्यातून एक अंडे घरंगळत तिच्या पायाशी आले. ती क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिली, मग ते उचलून तिने माझ्या मुलाच्या ताटात ठेवले आणि म्हणाली, "शेंगांना कुठे सोमवार असतो?"

दुसरे मडके निखळ शाकाहारी निघाल्यामुळे त्याच्याकडे बराच वेळ कोणी फिरकले नाही.