मावशी, काका आणि वीस कोटी वर्षं

मे महिन्यात "व्हिसा आला गं!" असा फोन आला की आमच्या घरात आधी गाद्यांची चर्चा होते आणि मग यांना दाखवायचं काय, याची. लंडन सोपं आहे, तिथे फक्त लायनीत उभं राहायचं असतं. खरी पंचाईत होते ती "आता एखादं शांत, समुद्राकाठचं गाव दाखव" या फर्माइशीने. समुद्राकाठचं गाव म्हटलं की पाहुण्यांच्या मनात गणपतीपुळे असतं: दर्शन, मोदक, सूर्यास्त. मी त्यांना इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमधल्या लाइम रीजिसला नेते, आणि तिथे दर्शनाला मुख्यतः दगड.

यंदा मावशी आणि काका आले होते. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आणि इतिहासाचे वेडे. कुठलंही इंग्रजी साल त्यांना थेट पचत नाही. ते आधी मराठी इतिहासात बसवून घ्यावं लागतं.

गाडी लावायची गावाच्या डोक्यावर, समुद्र गावाच्या पायाशी, आणि मधला ब्रॉड स्ट्रीट म्हणजे नुसता उतार. उतरताना सगळेच खूश असतात. "किती गोड घरं गं!" मावशी म्हणाली. मी गप्प. परत याच रस्त्याने चढायचंय हे आधी सांगितलं तर खाली कोणी येणारच नाही.

"या गावाला पहिल्या एडवर्ड राजाने 1284 मध्ये सनद दिली," मी गाइडगिरी सुरू केली.

काका भर रस्त्यात थांबले. मागून बाबागाडी ढकलत येणारं एक कुटुंबही थांबलं. "बाराशे चौऱ्याऐंशी. म्हणजे ज्ञानेश्वर नऊ वर्षांचे," काका म्हणाले. हिशेब जुळला आणि वाहतूक सुरू झाली.

1644 च्या वेढ्याची गोष्ट सांगितली तेव्हा शिवाजी महाराज चौदा वर्षांचे निघाले. इंग्लंडच्या यादवी युद्धात हे गाव पार्लमेंटच्या बाजूचं. राजाच्या फौजेने त्याला जवळजवळ आठ आठवडे वेढा घातला होता. बचाव करणारे जास्त दिसावेत म्हणून गावातल्या बायका पुरुषी टोप्या घालून तटावर उभ्या राहिल्या, बंदुका भरून देत राहिल्या.

"वेढा फसला कसा?"

"समुद्रातून रसद येत राहिली."

"मग काय, जंजिरा!" काकांनी निकाल देऊन टाकला. चाळीसेक वर्षांनी, 1685 मध्ये, ड्यूक ऑफ मॉनमथ आपल्या काकाविरुद्ध, म्हणजे राजा दुसऱ्या जेम्सविरुद्ध, बंड करायला जेमतेम 82 माणसं घेऊन इथेच उतरला आणि पाच आठवड्यांत त्याचं मुंडकं उडालं. "संभाजी महाराजांच्या काळात," काका म्हणाले. पुतण्याने काकाविरुद्ध बंड करण्यावर मात्र ते काहीच बोलले नाहीत. मराठी इतिहासात त्याची उदाहरणं फार.

खाली 'कॉब' नावाचा जुना धक्का आहे. समुद्रात शिरलेला, वाकडा, दगडी. त्याचा माथा समुद्राकडे झुकलेला आणि कठड्याचं नाव नाही. मावशी बैठकीच्या खोलीत चालावं तशी चालायला गेली आणि तिसऱ्या पावलाला मला घट्ट धरून उभी राहिली. काकांना मात्र घबाड सापडलं होतं. मूळ बांधकाम ओकचे खांब रोवून मध्ये धोंडे भरलेलं, आणि 1756 पर्यंत हा धक्का जमिनीला जोडलेलाच नव्हता, हे मी सांगितल्यावर ते थेट मॅकरेलसाठी गळ टाकून बसलेल्या एका गृहस्थाकडे गेले. "एक्सक्यूज मी, मेंटेनन्स हू डज?" त्या बिचाऱ्याने दोन मासे सोडले असतील. शेवटी दोघं खाली वाकून दगडांचे सांधे बघत होते.

पलीकडच्या मॉनमथ बीचवर खरी परीक्षा झाली. तिथे ओहोटीला खडकाचा एक सपाट थर उघडा पडतो आणि त्यात शेकडो अमोनाइट रुतलेले दिसतात. वीस कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातले गोगलगाईसारखे वेटोळे शंख, काही तर परातीएवढे. त्यावरूनच लोक चालतात. मावशीने एकवार पाहिलं, चपला काढल्या आणि हात जोडले.

"अगं, शाळिग्राम!"

खरंच होतं ते. गंडकीतले शाळिग्रामही अमोनाइटच. पण त्यामुळे झालं काय, की पाय ठेवायला जागा उरली नाही. मावशी दोन देवांच्या मधून वाट काढत, साडी एका हाताने धरून, शेवाळावरून एकेक पाऊल टाकत होती. मागे भरती चढत होती. इथे भरतीचं वेळापत्रक बघूनच फिरायचं असतं, पाणी कड्यापर्यंत येतं आणि वर कडे ढासळतात. "मावशी, चल लवकर." "पाय लागेल गं!" एक इंग्रज आजी तिच्या कुत्र्यासह आमच्याकडे बघत होती. कुत्रा बिनदिक्कत सगळ्या शाळिग्रामांवरून धावला, एकावर थांबून त्याने जे करायचं ते केलं, आणि मावशीने डोळे मिटले.

संग्रहालयात शिरलो ते बाथरूमसाठी, पण अडकलो जीवाश्म शोधणाऱ्या मेरी ॲनिंगपाशी. हे संग्रहालय तिच्या घराच्या जागेवरच उभं आहे. मेरी 1799 ची. वर्षाची असताना झाडावर वीज पडली, तिला कडेवर घेतलेल्या बाईसकट तिघी गेल्या, ही वाचली. बाप सुतार, तो लवकर गेला, मग दगडातली हाडं विकून घर चालायचं. बारा-तेरा वर्षांची असताना भावाला आधी सापडलेल्या कवटीखालचा इक्थिओसॉर, म्हणजे माशासारखा दिसणारा प्राचीन सागरी सरपटणारा प्राणी, तिने शोधून काढला. तो 23 पौंडांना गेला. 1823 मध्ये तिला अख्खा प्लेसिओसॉर, म्हणजे तसलाच पण लांब मानेचा प्राणी, सापडला. ("पेशवाई बुडून पाच वर्षं.") त्याची मान इतकी लांब की पॅरिसच्या कुव्हिएसारख्या बड्या शास्त्रज्ञाला ती बनावट वाटली. विकत घेणाऱ्या साहेबलोकांनी निबंध लिहिले आणि नाव मिळवलं. जिऑलॉजिकल सोसायटीने, म्हणजे लंडनच्या भूशास्त्रज्ञांच्या संस्थेने, बायकांना सभासद करून घेतलं तेच विसाव्या शतकात, मेरी जाऊन अर्धशतक उलटल्यावर. तिचा पुतळासुद्धा 2022 चा.

"बँकेत ताळेबंद मी करायचे," मावशी म्हणाली, "सही देशपांडेसाहेबांची." आणि काचेसमोर बराच वेळ उभी राहिली.

त्या उदासीवर उतारा निघाला एका टेबलाने. मेरीच्या लक्षात आलं होतं की काही विशिष्ट गोटे इक्थिओसॉरच्या पोटाच्या जागीच सापडतात आणि फोडले तर आत माशांची हाडं, खवले असतात. म्हणजे ती दगड झालेली विष्ठा. विल्यम बकलंड या प्राध्यापकाने त्याचं शास्त्र केलं, आणि असल्या गोट्यांच्या चकत्या बसवून टेबल करून घेतलं. ते टेबल इथे आहे. छान पॉलिश केलेलं.

"यावर चहा ठेवत असतील?" मावशीने विचारलं.

आजूबाजूला बघायलाही पुष्कळ आहे. पूर्वेला चारमथ, त्यापुढे 191 मीटरचा गोल्डन कॅप. पश्चिमेला अंडरक्लिफचं जंगल. तिथे 1839 च्या नाताळात पावसाचं पाणी मुरून शेतंच्या शेतं समुद्राकडे घसरली, आणि घसरलेल्या तुकड्यावर उगवलेल्या गव्हाची पुढच्या वर्षी लोकांनी जत्रा भरवून कापणी केली. "ड्रेनेज," काका म्हणाले. मग थोड्या वेळाने, "साताऱ्याच्या प्रतापसिंहांना पदच्युत केलं ते साल." मी अंडरक्लिफमध्ये पाहुण्यांना नेत नाही. सात मैलांच्या त्या वाटेला मध्येच बाहेर पडायला रस्ता नाही, आणि मावशीच्या गुडघ्यांनाही.

चढ सुरू झाल्यावर प्रत्येक बाकावर विश्रांती, प्रत्येक विश्रांतीला बेसनाचा लाडू. त्यातला एक सीगलने थेट मावशीच्या हातातून नेला. "तूप जास्त झालं होतं तसंही," एवढंच ती म्हणाली.

वाटेतल्या जीवाश्मांच्या दुकानात काका दिसेनासे झाले. बाहेर आले ते कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन, चेहऱ्यावर खोडकर हसू. दगड झालेली विष्ठा, अस्सल, सोबत प्रमाणपत्र.

"सोसायटीच्या सेक्रेटरीसाठी," ते म्हणाले. "शोकेसमध्ये ठेवायला सांगणार. काय आहे ते पुढच्या वार्षिक सभेत सांगेन."

"लाडवांच्या डब्याशेजारी ठेवू नका म्हणजे झालं," मावशी म्हणाली आणि पुढच्या बाकाकडे निघाली.