जॉनर आणि जनावर

रात्री साडेनऊच्या सुमारास माझ्या भाचीचा फोन आला आणि "मामा, येत्या रविवारी तुमच्या अंगणात आम्हांला एक जॉनर मोडायचा आहे," असे ती म्हणाली, तेव्हा फोन स्पीकरवर ठेवण्याची चूक माझ्याकडून झालेली होती. आमच्याकडे दिवेलागणीनंतर सापाचे नाव घेत नाहीत, 'जनावर' म्हणतात. पलीकडच्या खोलीत वाती वळत बसलेली माझी 82 वर्षांची आई हातातला कापूस टाकून उठली आणि काठी व विजेरी घेऊन पडवीत जाऊन उभी राहिली. अंगणात आत्ता काहीही नाही, जे काही यायचे आहे ते रविवारी येणार आहे, हे तिला पटवण्यात पाऊण तास गेला; आणि पटल्यावर तिने विचारले, की येण्याचा दिवस आधी कळवणारे हे जनावर कोणत्या जातीचे?

भाची पणजीच्या एका महाविद्यालयात माध्यमांचा अभ्यास करते आणि जॉनर म्हणजे गाण्याचा किंवा चित्रपटाचा ठराविक प्रकार. तिला आणि तिच्या चार सोबत्यांना तीन मिनिटांचा संगीत व्हिडिओ करायचा होता आणि त्याच्याबरोबर एक टिपण लिहायचे होते, ज्यात त्या प्रकारातले रूढ संकेत आपण कुठे पाळले आणि कुठे त्यांना आव्हान दिले, याचा हिशेब द्यायचा होता. संकेत पाळा आणि मोडाही, असे एका दमात सांगणारी ती सूचना वाचून मला आमच्याकडे नव्या सुनेला करतात तो उपदेश आठवला, की हे घर आपलेच समज आणि विचारल्याशिवाय कशाला हात लावू नकोस.

गाणे रॅप होते आणि विषय होता नळाला पाणी न येण्याचा. अंगणात स्पीकर लावून पाच जण नाचणार, हे ऐकून मी थोडी कुरकूर केली, तेव्हा भाचीने इतिहास काढला. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात 11 ऑगस्ट 1973 रोजी कूल हर्क या तरुणाने, बहिणीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायला पैसे जमावेत म्हणून, राहत्या इमारतीच्या सामायिक खोलीत तबकड्या वाजवल्या, आणि हिप-हॉपचा, म्हणजे रॅप ज्यातून आले त्या संगीताचा, जन्म तेव्हापासून धरतात. "म्हणजे मुळात हे घरगुतीच प्रकरण आहे, मामा." यावर काय बोलणार? मी अंगण दिले.

शनिवारी ती पाचही जणे वहीत दोन रकाने आखून आमच्या पडवीत बसली. पाळायच्या संकेतांचा रकाना भराभर भरला. कॅमेरा जमिनीलगत ठेवून गायकाला खालून दाखवायचे, म्हणजे तो माडाएवढा दिसतो. हाइप विल्यम्स या दिग्दर्शकाने 1990 च्या दशकात लोकप्रिय केलेले, कडेच्या वस्तू वाकवून दाखवणारे फिशआय भिंग लावायचे. गळ्यात सोन्याचा साज, शेजारी महागडी गाडी आणि मागे हाताची घडी घालून उभी असलेली टोळी. गाडीच्या जागी माझी 1998 सालची स्कूटर घेण्याचे ठरले आणि ती ताबडतोब आव्हानाच्या रकान्यात गेली. मला कोणी विचारले नाही.

आव्हान द्यायचा दुसरा संकेत मात्र मला मनापासून पटला. पडद्यावर गोव्याचाही एक ठराविक जॉनर झालेला आहे. गोव्याचे क्षेत्रफळ 3,702 चौरस किलोमीटर आणि किनारा ही त्याची फक्त पश्चिमेची कड. पण चित्रीकरण पाहणाऱ्याला वाटावे, की गोवा म्हणजे समुद्राला शिवलेली वाळूची झालर असून तिच्यावर हेल्मेट न घालता मोटारसायकल चालवणे हा इथला मुख्य व्यवसाय आहे. फोंडा, सत्तरी, सांगे हे तालुके बहुधा कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला येतात. तेव्हा आपल्या व्हिडिओत समुद्राचा थेंबही दिसणार नाही, असा ठराव झाला. पाच जणांना किनाऱ्यावर नेण्या-आणण्याचे पेट्रोल वाचत असल्यामुळे मी त्याला अनुमोदन दिले.

त्यानंतर गाडे अडले. कारण जो संकेत मोडावा, तो मोडण्याचाही एक संकेत आधीच होऊन बसलेला निघे. टोळीत तरुणांऐवजी आज्या उभ्या करू, असे एकाने सुचवले की दुसरा मोबाइलवर तसे तीन व्हिडिओ काढून दाखवी. रात्री दहा वाजता भाची रडकुंडीला आली. स्टीव्ह नील या अभ्यासकाच्या मते कोणताही प्रकार हा पुनरावृत्ती आणि फरक यांवर जगतो, हे तिने मला वहीतून वाचून दाखवले, तेव्हा मी म्हणालो, की हे दशावतार पाहणाऱ्या कोणत्याही माणसाला ठाऊक आहे. शंकासुर यायलाच हवा. तो आला नाही तर लोक चटया गुंडाळतील. पण आज तो काय बोलणार, हे आधी लिहिलेले नसते आणि त्यासाठीच लोक पहाटेपर्यंत बसतात. माझे हे वाक्य तिने टिपणात घातले आणि माझ्या नावाच्या जागी 'स्थानिक प्रेक्षक' असे लिहिले.

सोन्याचा प्रश्न आईने सोडवला. बाजारातली खोटी साखळी कॅमेऱ्यात पितळेच्या कडीसारखी दिसू लागली, म्हणून तिने आपली मोहनमाळ काढून गायकाच्या गळ्यात घातली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मात्र मोहनमाळ तिने दिली होती, नजरेआड होऊ दिलेली नव्हती. गायक जिथे जाई तिथे त्याच्यापासून हातभर अंतरावर, नऊवारी नेसलेली, हाताची घडी घातलेली आणि डोळे माळेवर रोखलेली आई उभी. कॅमेरा सांभाळणाऱ्या मुलाने चार वेळा तिला चौकटीबाहेर जाण्याची विनंती केली आणि पाचव्या वेळी भिंगात पाहून तो गप्प झाला. टोळी आपोआप मिळाली होती आणि तिच्याइतके जरब बसवणारे तोंड त्याने कोणत्याही रॅप व्हिडिओत पाहिलेले नव्हते.

रविवार श्रावणातला होता. पहाटेपासून पाऊस कोसळत होता, पावळ्यांतून पाण्याच्या दोऱ्या लागल्या होत्या, अंगणात घोटाभर पाणी साचले होते आणि त्यात उभा राहून गायक नळ कोरडा असल्याची तक्रार करत होता. यात विसंगती आहे असे मला वाटले. पण नळ खरोखरच कोरडा होता.

खरा घोळ पुढेच होता. एक कडवे संथ गतीत दिसायला हवे होते. त्यासाठी कॅमेरा सेकंदाला 50 चौकटी घेतो आणि नंतर त्या 25 च्या वेगाने दाखवतात, म्हणजे सगळे निम्म्या गतीने हलते. पण मग ओठही निम्म्या गतीने हलतील आणि गाण्याशी जुळणार नाहीत. म्हणून चित्रीकरणाच्या वेळी गाणे दुप्पट वेगाने वाजवतात आणि गायकाने त्या वेगाने ओठ हलवायचे असतात. मुळात रॅप म्हणजे वेगाचा खेळ. तो दुप्पट झाल्यावर स्पीकरमधून कढईत मोहरी तडतडल्यासारखा आवाज येऊ लागला आणि गायकाची जीभ तिसऱ्याच शब्दावर मुरगळली. चौदा वेळा घेतले आणि चौदाही वेळा ती तिथेच मुरगळली.

इतक्यात दोन घरच्या पूजा आटोपून तिसऱ्या घरी निघालेले आमचे भटजी पाऊस चुकवायला पडवीत टेकले. त्यांनी चहा घेत दोन वेळा ते कडवे ऐकले, कागद मागून घेतला, चश्मा पुसला आणि "लावा," म्हणाले. पहिल्याच फटक्यात, एकही अक्षर न सांडता, मध्ये श्वास न घेता भटजींनी ते कडवे संपवले आणि शेवटच्या शब्दावर सवयीने अक्षता टाकल्यासारखा हात केला. चवथीच्या दिवशी माध्यान्हीपर्यंत वाड्यावरची सगळी घरे उरकणाऱ्या माणसाला दुप्पट वेगाचे काय कौतुक? भाची काही क्षण त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने वही उघडली आणि आव्हानाच्या रकान्यातली आधीची सगळी नोंद काट मारून रद्द केली. भटजी सोवळ्यात, उपरणे खांद्यावर आणि काळी छत्री हातात अशा थाटात घोटाभर पाण्यात उभे राहिले. स्कूटरवर बसायला मात्र त्यांनी नकार दिला, कारण तिची बैठक चामड्याची असल्याचा त्यांना संशय होता.

आवाज घेत नसल्यामुळे चित्रीकरण चालू असताना बोलायला मनाई नव्हती आणि याचा पूर्ण फायदा आईने घेतला. सगळ्यांसाठी चुलीवर, म्हणजे गॅसवर, खतखते चढवलेले होते. ते दुपारी करपलेले निघाले. तिरफळांच्या वासाने तेवढे झाकून नेले आणि पाचही जणांनी दोनदा वाढून घेतले.

तयार व्हिडिओ महाविद्यालयात मोठ्या पडद्यावर दाखवला, तेव्हा मीही गेलो होतो. भटजींचे उपरणे पावसात संथपणे उडत होते, छत्रीच्या काड्यांवरून एकेक थेंब विचार करत सुटत होता, आणि मुलाच्या आवाजातले शब्द भटजींच्या ओठांवर तंतोतंत बसले होते. मग ध्रुवपदाला पडदाभर आईचा चेहरा आला. "घागर रिकामी, नळ कोरडा" असे गाणे म्हणत होते आणि आईचे ओठ अगदी ठेक्यावर, कोणालाही वाचता यावे इतके स्पष्ट, माझ्या बायकोला विचारत होते, "गॅस बंद केलास का गो?" सभागृह हसून कोसळले. पुढची दहा सेकंदे गाणे ऐकूच आले नाही.

व्हिडिओतले दृश्य शब्दांचे चित्र काढते, शब्दांत भर घालते किंवा शब्दांशी फारकत घेते, अशी अँड्र्यू गुडविन यांची 1992 सालची मांडणी या मुलांना शिकवलेली होती. परीक्षकांनी टिपणाच्या शेवटी लाल शाईत लिहिले होते: 'शब्द आणि दृश्य यांच्या फारकतीचा धीट आणि हेतुपूर्ण वापर.' भाचीने तो शेरा फोनवर वाचून दाखवला आणि मी पुन्हा स्पीकर चालू ठेवला होता.

"फारकत कोणाची झाली?" आईने आतून विचारले.

मी सांगितले, की शब्दांची आणि दृश्याची.

"मूलबाळ नाही ना?" असे म्हणून तिने कापूस पुढे ओढला.